काचघरातली फुले आणि मातीतले हात

बंगळुरूच्या लालबाग पुष्पप्रदर्शनाला सहकुटुंब भेट

आपल्या वस्तीत फुले विकत आणण्याचे प्रसंग ठरलेले असतात. पौर्णिमेची वंदना, मंगल परिणय, १४ एप्रिलचा हार आणि कुणी गेले तर अखेरचा निरोप. यापलीकडे फुलांवर पैसा खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, ही आपल्या आयाबायांची शिकवण. पोट भरल्याशिवाय फुलाकडे लक्ष जात नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तेव्हा नुसती फुले पाहण्यासाठी रजा टाकायची, आगगाडीने परराज्यात जायचे आणि वर तिकीट काढायचे, असे कुणी सांगितले तर घरातली वडीलधारी मंडळी हसतील. तरीही वाचक बंधू-भगिनींनो, आज अशाच एका प्रदर्शनाची हकीकत आपल्यापुढे मांडत आहे. त्या फुलांमागे जे कष्ट आणि जी विद्या उभी आहे, ती आपल्या मुलामुलींनी एकदा डोळ्यांनी पाहावी, असे मला मनापासून वाटते.

हे कोणते लालबाग?

लालबाग म्हटले की मुंबईकर वाचकांना गिरणगाव आठवेल. हे लालबाग बंगळुरूचे. हैदर अलीने १७६० साली ही बाग लावायला सुरुवात केली आणि त्याचा मुलगा टिपू सुलतान याने दूरदूरच्या देशांतून झाडे व बियाणे मागवून ती वाढवली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. बागेत एक प्रचंड खडक आहे. त्याचे वय तीनशे कोटी वर्षांच्या आसपास असल्याचे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्या खडकावर उभे राहिले की शहराचा मोठा भाग नजरेखाली येतो.

बागेच्या मध्यावर काचघर आहे. त्याचा पाया १८८९ साली घातला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर लोखंडी खांब, कमानी आणि काचा वापरून हे घर उभारले. काच असल्यामुळे आत भरपूर उजेड येतो, पण पाऊस आणि वारा फुलांना झोडपत नाही. पुष्पप्रदर्शनाला अशीच जागा लागते. पुढे १९०८ साली क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ या बागेचे प्रमुख झाले. त्यांच्यानंतर जवराय आणि नंतर डॉ. मरिगौडा या भारतीय तज्ज्ञांनी बागेचा आणि राज्यातल्या फळाफुलांच्या शेतीचा विस्तार केला.

या काचघरात वर्षातून दोन मोठी प्रदर्शने भरतात. एक प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जानेवारीत, दुसरे स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने ऑगस्टमध्ये. कर्नाटकाचे उद्यान खाते आणि म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी मिळून ती भरवतात. दर वेळी एक विषय ठरवतात आणि काचघराच्या मध्यभागी त्या विषयावरची मोठी फुलांची रचना करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार आणि त्यांचे पुत्र पुनीत राजकुमार हा विषय होता. ऑगस्ट २०२३ मध्ये विधानसौध ही इमारत आणि ती उभारणारे केंगल हनुमंतय्या, तर जानेवारी २०२४ मध्ये महात्मा बसवण्णा आणि वचनसाहित्य.

आणि ऑगस्ट २०२४ चा विषय होता परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लालबागचे हे २१६ वे पुष्पप्रदर्शन ८ ते १९ ऑगस्ट असे चालले. सोलापुरात ही बातमी कानावर आली आणि आमच्या घरात जाण्याची चर्चा सुरू झाली.

मातीतून बाहेर काढलेली पोरगी

या चर्चेला आणखी एक कारण होते. माझी भाची त्या वर्षी बारावी सायन्स पास झाली होती. मार्क बरे पडले होते. सीईटीही दिली होती. तिच्या मनात उद्यानविद्येची पदवी घ्यायचे होते. फळझाडे, फुलझाडे आणि भाजीपाला यांच्या शास्त्राचा हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, एकदम विरुद्ध.

दाजी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. त्यांच्या आईने सारी हयात दुसऱ्यांच्या रानात खुरपणी करून काढली. उन्हातान्हात वाकून वाकून म्हातारीची कंबर कायमची वाकली. दाजी म्हणायचे, "माझ्या आईनं माती उकरली म्हणून मी कारखान्यात आलो. मी कारखान्यात राबलो ते पोरगीनं पंख्याखाली बसावं म्हणून. आन् आता ही पुन्हा मातीत जाते म्हणतीया! त्यासाठी शिकवली का हिला?"

दाजींचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या समाजातल्या हजारो घरांत हीच भावना आहे. मातीशी आपले नाते हौसेचे नव्हते, सक्तीचे होते. राबायचे आपण, पीक दुसऱ्याचे. त्या मातीतून बाहेर पडायला आपल्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. तेव्हा शिकलेली मुलगी "मला रोपे लावायची आहेत" असे म्हणाली, तर बापाच्या पोटात कालवणारच. मी स्वतः वाणिज्य पदवीधर कारकून. हिशेबाची वही सोडून मला काय कळते? मी भाचीची बाजू घेतली की दाजी म्हणायचे, "पाव्हणं, तुमचं टेबल-खुर्चीचं बोलणं हाय."

फुले पाहायला दाजी कधीच आले नसते. पण काचघरात बाबासाहेब आहेत म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. कारखान्यात दोन दिवस खाडा म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तरी म्हणाले, "बाबांसाठी येतो. फुलासाठी न्हाई."

उद्यान एक्सप्रेसने

मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे बंगळुरूला जाणाऱ्या गाडीचे नावच उद्यान एक्सप्रेस आहे. सोमवार, १२ ऑगस्टला दुपारनंतर ती सोलापुरात आली. आम्ही पाच जण: मी, सौ., अक्का, दाजी आणि भाची. भाकरी, शेंगाचटणी आणि पिठले बांधून घेतले होते. राहण्याचा खर्च नको म्हणून रात्रीचा प्रवास करून सकाळी उतरायचे आणि त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने परत निघायचे, असा बेत ठरवला.

सकाळी स्टेशनवर हात-तोंड धुऊन मेट्रोने निघालो. लालबाग याच नावाचे मेट्रो स्टेशन बागेजवळ आहे. त्यामुळे विचारत फिरावे लागत नाही. तिकीट मोठ्या माणसाला ८० रुपये, शनिवार-रविवारी १००, लहान मुलांना ३०. मंगळवार असल्याने आमच्या पाच जणांचे ४०० रुपये झाले. दाजी म्हणाले, "माझा जवळजवळ एक रोज गेला." हा हिशेब मुद्दाम देत आहे. आपल्या कुटुंबाला असा खर्च सहज परवडत नाही, तेव्हा पैसे वसूल होतील असे पाहून आले पाहिजे.

बागेत शिरताच पहिली गोष्ट जाणवली ती हवा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमध्येही हवेत सुखद गारवा होता. आमच्या सोलापूरच्या उन्हात जी नाजूक फुलझाडे टिकत नाहीत, ती इथे निवांत फुलत होती. भाचीने वहीत पहिली नोंद केली: "हवा आधी, झाड नंतर."

काचघरात बाबासाहेब

सकाळची वेळ, तरी काचघराबाहेर रांग होती. गणवेशातली शाळकरी मुले, गावाकडून आलेल्या बायका, कंपनीतली तरुण पोरे, सगळे एकाच रांगेत. आत शिरल्यावर शेवंती, गुलाब, झेंडू आणि ऑर्किड यांच्या रंगांनी डोळे भरून गेले. मध्यभागी फुलांनी घडवलेली संसद भवनाची प्रतिकृती आणि बाबासाहेब. भोवताली त्यांचा जीवनपट सांगणारी मांडणी.

दाजी तिथे पोहोचताच थांबले. चपला काढल्या. मागची गर्दी ढकलत होती, पण ते हात जोडून उभे राहिले. अक्काच्या डोळ्यांना पाणी आले. आमच्या शेजारी एक शिक्षिका मुलांना कन्नडमध्ये काही समजावत होती. अक्का लहानपणी अक्कलकोटकडे वाढलेली असल्याने तिला कन्नड येते. तिने आम्हाला सांगितले, "बाई म्हणत्यात, ह्यांनी कायदा लिवला, त्यात तुमचा माझा सगळ्यांचा हक्क हाय."

मला वाटले, परराज्यात, परभाषेत, एक अनोळखी शिक्षिका अनोळखी मुलांना बाबासाहेब सांगते आहे आणि तेही फुलांच्या गर्दीत. आपण जयंती आपल्या वस्तीत करतो. इथे ती सगळ्या शहराच्या मध्यभागी, सगळ्या जातिधर्मांच्या लोकांसमोर झाली होती. यासाठी खर्च झालेले ४०० रुपये मला जड वाटले नाहीत.

पण एवढे पाहून परत फिरलो असतो तर निम्मेच प्रदर्शन पाहिल्यासारखे झाले असते. भाचीला फुले कशी उभी केली हे पाहायचे होते. ती प्रतिकृतीच्या बाजूला जाऊन वाकून वाकून बघत होती.

फुले उभी कशी राहतात?

अशा रचनेत आधी सांगाडा तयार करतात. त्यावर पाणी धरून ठेवणारा हिरवा स्पंज किंवा जाळी बसवतात आणि एकेक फूल देठासकट खोचत जातात. शेवंती यासाठी सोयीची, कारण तिची पाकळी लवकर गळत नाही आणि फुले जवळजवळ खोचली की भिंत भरीव दिसते. फुले पहाटे गार वेळी तोडतात, देठ तिरका कापतात म्हणजे पाणी नीट चढते. तरीही खोचलेले फूल किती दिवस टिकणार? म्हणून प्रदर्शन लांबले की मध्येच जुनी फुले काढून नवी बसवावी लागतात. ते काम रात्री, लोक नसताना चालते.

कुंड्यांमधल्या फुलांची गोष्ट याहून कठीण. प्रदर्शनाची तारीख हलत नाही, तेव्हा झाडाला त्या तारखेला फुलायला लावायचे असते. माळी उलटा हिशेब करतात. झेंडूला बी पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने, पेटुनियाला त्याहून थोडे जास्त. रोप वाढू लागले की त्याचा शेंडा खुडतात. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी दहा येतात. पण शेंडा उशिरा खुडला तर फूलही उशिरा. दोन-चार दिवसांचा हिशेब चुकला तर प्रदर्शनात नुसत्या कळ्या.

शेवंतीची करामत तर ऐकण्यासारखी आहे. शेवंती मूळची थंडीच्या दिवसांतली, कारण रात्र मोठी झाल्याशिवाय तिला कळी धरत नाही. मग ऑगस्टमध्ये ती कशी मिळते? फूलशेती करणारे लोक हरितगृहात रात्री दिवे लावून तिला "अजून रात्र लहान आहे" असे भासवतात. झाड वाढत राहते, कळी धरत नाही. हवे तेव्हा दिवे बंद करून काळ्या कापडाने लवकर अंधार करतात. रात्र मोठी झाली असे समजून शेवंती कळी धरते. भाचीने हे पुस्तकात वाचले होते. दाजींना समजावून सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दाजी म्हणाले, "म्हंजे झाडालाबी पाळी लावत्यात म्हणा की, आमच्यासारखी. दिवसपाळी, रातपाळी." आम्ही सगळे हसलो. पण दाजींनी गोष्ट अगदी अचूक पकडली होती.

मी कारकून माणूस. मला यात वहीखाते दिसले. तारखा, प्रमाण, खर्च, नोंदी. यात नशिबाचा भाग थोडा आणि विद्येचा भाग मोठा.

कोमेजलेली फुले वेचणारी बाई

काचघराच्या कडेला कुंड्यांच्या ओळींत एक पन्नाशीची बाई काम करत होती. साडीवर जुना शर्ट, डोक्याला फडके, हातात प्लास्टिकचा क्रेट. ती प्रत्येक कुंडीतली सुकलेली फुले नखाने खुडून क्रेटमध्ये टाकत होती. भाचीने अक्काला पुढे घालून विचारले, "ही फुले का काढता? आपोआप गळतील की."

बाईने आधी संशयाने पाहिले. मग अक्काचे कन्नड ऐकून खुलली. म्हणाली, सुकलेले फूल झाडावर राहिले की झाड बी धरायला लागते आणि सगळी ताकद बियांत जाते. वेळेवर काढले की झाड पुन्हा फुलावर येते. पाणी फुलावर नाही, बुडाशी घालायचे. भाची लिहून घेत होती. बाई म्हणाली, "पोरगी लिहिते काय?" अक्काने सांगितले, हिला हेच शिकायचे आहे, कॉलेजात.

त्यावर ती बाई जे बोलली ते अक्काने आम्हाला सांगितले ते असे: "शिकू दे. मला हाताला कळतं, पण कागदावर येत न्हाई. म्हणून साहेब सांगेल तसं मी करते. हिला हाताला बी कळंल आणि कागदावर बी येईल. हिला कोण सांगणार मग?"

दाजी शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने तिथे एक तिशीतली तरुणी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. तिने कुंड्या पाहिल्या, दोन कुंड्या बदलायला सांगितल्या, बाईशी हसून बोलली आणि पुढे गेली. दाजींनी अक्काला विचारले, "ही कोण?" बाई म्हणाली, खात्यातली मॅडम. कॉलेज शिकून आली आहे. दाजींनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ पाहिले. तिच्या चपलेलाही माती लागलेली होती.

सुनीत थेरांची आठवण

त्या बाईचा क्रेट पाहून मला आपल्या धम्मातले सुनीत थेर आठवले. वाचकांपैकी अनेकांनी ही कथा विहारात ऐकली असेल. थेरगाथेत सुनीत थेर स्वतःबद्दल सांगतात की आपण हलक्या समजल्या जाणाऱ्या कुळात जन्मलो, गरीब होतो आणि कोमेजलेली फुले गोळा करून टाकणे हे आपले काम होते. लोक त्यांचा तिरस्कार करीत. एके दिवशी तथागत भिक्खूसंघासह नगरात येत असताना सुनीतांनी त्यांना पाहिले, डोक्यावरचे ओझे खाली टाकले आणि वंदन करून प्रव्रज्या मागितली. तथागतांनी त्यांची जात विचारली नाही. त्यांना भिक्खू म्हणून जवळ बोलावले. पुढे देवांनाही वंदनीय व्हावे इतके ते थोर झाले.

फुले वाहणाऱ्याला मान आणि कोमेजलेली फुले उचलणाऱ्याचा तिरस्कार, ही रीत अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी मोडली. आज ती पुरती मोडली आहे का, हे कुठल्याही प्रदर्शनात गेल्यावर पाहावे. बहुतेक ठिकाणी बागांच्या स्पर्धेतली ढाल बागेच्या मालकाला किंवा संस्थेला मिळते. ज्याने पहाटे उठून पाणी घातले त्याचे नाव पाटीवर क्वचितच असते. आपण पुष्पपूजा करताना, फूल कोमेजते तसा हा देहही नाश पावणार, हे मनात आणतो. फुले कोमेजणारच. पण ती वाढवणाऱ्या माणसाचे नावही त्यांच्याबरोबर कचऱ्यात जावे, असे तथागतांनी कुठेच सांगितलेले नाही.

माती हलकी नव्हे

दुपारी झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. तिथे मी दाजींना एवढेच म्हटले की तथागतांचा जन्म लुंबिनीच्या वनात, बोधी पिंपळाखाली, पहिला उपदेश मृगदावात आणि महापरिनिर्वाण शालवृक्षांच्या खाली. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा त्या परिसराला नाव दिले नागसेनवन. वन! आपल्या आयांना जी लाचारी भोगावी लागली ती मातीची नव्हती. ती दुसऱ्याच्या मालकीची आणि आपल्याला नाकारलेल्या विद्येची होती. तुमच्या आईला कुठले तण कधी काढायचे हे कुठल्याही पदवीधराइतके कळत होते. पण मजुरीचा दर ठरवणे तिच्या हातात नव्हते.

दाजी म्हणाले, "आईला समदं कळत हुतं. बी हातात घेतलं की सांगायची, उगवल का न्हाई." मग बराच वेळ गप्प.

दुपारनंतर आम्ही स्पर्धेचा विभाग पाहिला. बोन्साय, जपानी पद्धतीची पुष्परचना, भाज्या कोरून केलेल्या आकृती, वाळलेल्या फुलांची मांडणी. सौ.ला भाज्यांचे कोरीव काम फार आवडले. भोपळ्याचा हंस पाहून म्हणाली, "आमच्या महिला मंडळाच्या बाया यापेक्षा बरं करतील." खरेच करतील. अशा स्पर्धांत हौशी माणसांसाठीही गट असतात, हे आपल्या मंडळांनी ध्यानात ठेवावे.

रात्री स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना दाजींनी भाचीला विचारले, "त्या प्रवेशाची यादी कधी लागती म्हणालीस?" भाचीने तारीख सांगितली. दाजी म्हणाले, "बघू घरी गेल्यावर." आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मा होकार.

भाचीला प्रवेश मिळाला. दाजींचे मन अजून पुरते निवलेले नाही. कुणी विचारले तर ते "उद्यानविद्या" म्हणत नाहीत, "ॲग्रीला हाय" एवढेच म्हणतात. पण सुट्टीत ती घरी आली की तिने लावलेल्या कुंड्यांना पाणी घालण्याचे काम त्यांच्याकडे असते, आणि ते पाणी बुडाशीच घालतात.

पालकांसाठी थोडी माहिती

बारावी विज्ञान शाखेनंतर सीईटी देऊन कृषी किंवा उद्यानविद्येच्या पदवीला प्रवेश घेता येतो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या अखत्यारीतल्या महाविद्यालयांची यादी पाहून अर्ज करावा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे अकरावीतच तयार ठेवावीत. ऐन वेळी धावपळ होते आणि हक्काची जागा व शिष्यवृत्ती हातची जाते. बारावीपर्यंत न पोहोचलेल्या मुलांनी जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात माळीकाम आणि रोपवाटिकेच्या लहान प्रशिक्षणांची चौकशी करावी.

बंगळुरूला जाणे सर्वांना जमणार नाही. पण पुष्पप्रदर्शने आपल्या राज्यातही भरतात. मुंबईत राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचे प्रदर्शन हिवाळ्यात भरते. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास मोठे प्रदर्शन असते. जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. शक्यतो कामाच्या दिवशी, सकाळी पहिल्या तासाला जावे. फुले ताजी असतात, गर्दी कमी असते आणि काही ठिकाणी तिकीटही कमी असते.

२. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्यावी. किमान पाच झाडांची नावे, त्यांना ऊन किती लागते आणि फूल कोणत्या महिन्यात येते हे लिहून आणायला सांगावे. नुसते फोटो काढून आलेली मुले दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

३. काम करणाऱ्या माळ्याशी बोलावे. आदराने विचारले तर ते आनंदाने सांगतात. त्यांचे नाव विचारून वहीत लिहावे.

४. महागडी रोपे घेऊ नयेत. थंड हवेतले रोप आपल्या पत्र्याच्या घरासमोर आठ दिवसांत मान टाकते. त्याऐवजी सदाफुली, झेंडू, मोगरा यांपैकी एखादे न्यावे. जोडीला पुदिना, कढीपत्ता, मिरची लावली तर स्वयंपाकाला उपयोग होतो.

५. कुंडी नसली तरी चालते. तेलाचा जुना डबा घ्यावा, तळाला चार भोके पाडावीत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. पाणी रोज ओतण्यापेक्षा बोटाने माती कोरडी लागली की घालावे.

आपल्या वस्तीतही प्रदर्शन भरवता येईल

शेवटी एक सूचना. आपल्या विहारात जयंती, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन असे कार्यक्रम होतात. त्यांतल्या एखाद्या दिवशी वस्तीतल्या घरोघरच्या डब्यांतली रोपे विहाराच्या अंगणात मांडून लहानसे प्रदर्शन भरवता येईल. खर्च शून्य. परीक्षक म्हणून जवळच्या कृषी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी बोलवावा, म्हणजे आपल्या मुलांना तो अभ्यासक्रम कळेल. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर झाडाचे नाव, बी कधी पेरले ती तारीख आणि खाली ते झाड ज्याने वाढवले त्याचे पूर्ण नाव. ते नाव घरच्या कर्त्या पुरुषाचे नसून रोज पाणी घालणाऱ्या आजीचे किंवा नातीचे असेल, तर तेच लिहावे.